घरात भट्टी हवी का?

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्याच एक ताई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरानं पुन्याहून पैसे धाडले. म्हनते, माय, आता ओव्हन घे. सून म्हनते, घ्याच, मी केक करून विकीन. मले काही समजत नाही. घेऊ का नोको?"

मी म्हणालो, "ताई, उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर बोलू."

म्हणून आज आपण ओव्हनविषयी बोलू. पैसा कष्टाचा असतो. एकदा दुकानदाराच्या हातात गेला की परत येत नाही. तेव्हा घेण्याआधी विचार करावा. नंतर केलेला विचार हा विचार नव्हे, तो पश्चात्ताप.

ओव्हन म्हणजे काय?

ओव्हन म्हणजे बंद भट्टी. तवा खालून तापतो. कढईत तेल तापते. पातेल्यात पाणी उकळते. भट्टीत यातले काहीच नसते. तिथे चारी बाजूंनी कोरडी उष्णता असते आणि पदार्थ त्या उष्णतेत भाजून निघतो. पाव, बिस्किट, नानखटाई, केक हे सारे असे भाजलेले पदार्थ.

घरात ठेवायचा ओव्हन ही लोखंडी पत्र्याची पेटी असते. पुढे काचेचे दार असते. आत वर आणि खाली विजेच्या कांड्या असतात. बटण फिरवले की त्या लाल होतात. नानखटाईला सुमारे १७० ते १८० अंश उष्णता लागते. पावाला २०० अंशांच्या वर लागते. पाणी १०० अंशांवर उकळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या दुप्पट समजा.

दिसायला अशीच आणखी एक पेटी दुकानात असते. तिला मायक्रोवेव्ह म्हणतात. ती अन्न लवकर गरम करते, पण साधी मायक्रोवेव्ह पेटी पाव किंवा नानखटाई खरपूस भाजत नाही. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. म्हणून आधी विचारून घ्यावे, नाहीतर एक घ्यायला जाल आणि दुसरी घेऊन याल.

आपल्याकडे भट्टी का नव्हती?

काही लोक म्हणतात, आपण मागासलेले, म्हणून आपल्या आजीच्या घरात भट्टी नव्हती. हे खरे नाही. आपली आजी शहाणी होती. ज्या मुलखात जे पिकते आणि जशी हवा असते, तसे स्वयंपाकघर होते.

युरोपातील थंड देशांचे पाहा. तिथे गहू पिकतो. गव्हाच्या पिठात एक चिकट द्रव्य असते. पीठ आंबवले की त्यात हवेचे बुडबुडे तयार होतात आणि चिकटपणामुळे ते आतच अडकून राहतात. पीठ फुगते. असा जाड, फुगलेला गोळा तव्यावर आतपर्यंत भाजला जाणार नाही. त्याला चारी बाजूंनी उष्णता हवी. म्हणून तिथे भट्टी आली. शिवाय बाहेर बर्फ पडत असताना घरात भट्टी पेटली, तर सगळे घर ऊबदार होते. तिथे भट्टीची उष्णता ही कमाई आहे.

आता आपले पाहा. आपली ज्वारी. ज्वारीत ते चिकट द्रव्य नसते. म्हणून तर भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि थापताना हात हलका ठेवावा लागतो. ज्वारीच्या पिठाचा गव्हासारखा फुगीर पाव होत नाही. पण पातळ भाकरी तापलेल्या तव्यावर टाकली की दोन-तीन मिनिटांत तयार. आतल्या पाण्याची वाफ होते आणि भाकरी टम्म फुगते. थोडा जाळ, थोडा वेळ, आणि काम झाले. उन्हाळ्याच्या मुलखाला हेच शोभते. तव्याला कमी समजू नका.

आपल्या शेगावची कचोरी सगळीकडे नावाजलेली आहे. ती कढईतून निघते, भट्टीतून नव्हे. भट्टी नसली म्हणून आपले काही अडलेले नाही.

पण भट्टी आपल्याकडेही आहे

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, मग आपले रोडगे कुठे भाजतात?"

बरोबर विचारले. रोडगे करताना आपण काय करतो? गव्हाचे पीठ घट्ट मळतो. गोळे करतो. गोवऱ्यांचा आर पाडतो आणि त्या आरात ते गोळे भाजतो. पानगे करताना पळसाच्या पानांत गुंडाळतो. आर खाली, आर वर, मध्ये रोडगा. ही भट्टीच झाली! केक भाजण्याची रीत आणि रोडगा भाजण्याची रीत एकच.

पण आपण हे कुठे करतो? शेतात. देवळासमोर. झाडाखाली. घरातल्या चुलीपाशी कोणी पन्नास रोडग्यांचा आर पाडत नाही. आणि रोज कोणी रोडगे करीत नाही. नवस असेल, पंगत असेल, तेव्हाच करतात. म्हणजे आपल्या लोकांनी भट्टी ठेवली, पण ती घराबाहेर ठेवली आणि सगळ्यांची मिळून ठेवली.

दुसऱ्या मुलखांतही असेच आहे. गोव्यात पाव फार खातात. पोर्तुगीज लोक तिथे १५१० साली आले. त्यांच्याबरोबर पावाची चाल आली. पूर्वी तिथे पीठ आंबवायला माडाची ताडी वापरीत. पण गोव्याच्या घरोघर पावाची भट्टी नाही. गावात एक पाव भाजणारा असतो. त्याला पोदेर म्हणतात. त्याची लाकडाची भट्टी असते. तो पहाटे पाव भाजतो आणि सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवीत दारोदार फिरतो. लोक दारात उभे राहून गरम पाव घेतात.

पंजाबात तंदूर असतो. पुष्कळ गावांत मोहल्ल्याचा एकच तंदूर असे. बाया आपापले पीठ मळून आणीत आणि तिथे रोट्या लावीत. त्याला ते लोक सांझा चूल्हा म्हणतात, म्हणजे सगळ्यांची मिळून एक चूल. आफ्रिकेच्या उत्तरेला मोरोक्को नावाचा देश आहे. तिथेही ऊन कडक. तिथल्या जुन्या गावांत आळीची एक भट्टी असते. बाई घरी पीठ मळते, पोराच्या डोक्यावर फळी देते आणि भाकर भट्टीवर भाजायला पाठवते.

आपल्याकडे दिवाळीच्या आधी काय करतात? मैदा, साखर आणि तूप घेऊन तालुक्याच्या बेकरीत जातात. भाजणावळ देतात आणि नानखटाईचा डबा भरून आणतात. हीसुद्धा तीच रीत. भट्टी एकाची, उपयोग सगळ्यांचा.

माझ्या घरची गोष्ट

आता मी माझी एक चूक सांगतो.

माझे घर घाटाखाली. घाटावरच्या बुलढाण्याला, चिखलीला उन्हाळ्यातही संध्याकाळी थोडा गारवा असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद इकडचे ऊन तुम्ही जाणताच. आमचे स्वयंपाकघर पत्र्याचे. एकच लहान खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

मी निवृत्त झालो तेव्हा हातात थोडा पैसा आला. मला बिस्किटांची भारी आवड. मी मनात ठरवले, घरात ओव्हन आणायचा. घरच्या मंडळींना काही विचारले नाही. वाटले, एकदम आणून दाखवू, त्या खूश होतील.

तेवढ्यात आखाजी आली. घरात पाहुणे. पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आम्ही पुरुष मंडळी ओसरीत पंख्याखाली बसलो होतो. आतून पोळ्या येत होत्या. मग पोळ्या यायच्या थांबल्या. मी हाक मारली. उत्तर आले नाही. आत जाऊन पाहतो तो ही ओट्यापाशी खाली पडलेली.

आम्ही तिला उचलून ओसरीत आणले. ओल्या फडक्याने अंग पुसले, वारा घातला. शुद्धीवर आल्यावर साखर-मिठाचे पाणी दिले आणि लगेच दवाखान्यात नेले. देवाची कृपा, दोन दिवसांत बरी झाली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने झाले.

चार दिवसांनी मी भिंतीवरचा तापमापक काढला. दुपारी ओसरीत लावला. ४१ अंश. शेगडी पेटवून तोच ओट्याजवळ धरला. थोड्या वेळाने पाहिले तर ४६. मग मी स्वतः अर्धा तास तिथे उभा राहिलो. सदरा पिळून काढावा इतका घाम आला. चाळीस वर्षे मी त्या ओट्यावरचे गरम जेवलो, पण अर्धा तास तिथे कधी उभा राहिलो नव्हतो. शाळेत मी पोरांना उष्णतेचा धडा शिकवला. घरातला धडा मात्र शिकलोच नाही.

त्या रात्री मी तिला ओव्हनची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, "अहो, बिस्किटं खाणार तुम्ही, आन् पेटीपाशी उभी राहणार मी."

यावर मला उत्तर नव्हते. त्या पैशातून आम्ही मोकळ्या बाजूला मोठी खिडकी पाडली. भिंतीत वर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. पत्र्यांना वरून चुन्याचा पांढरा हात दिला. पांढऱ्या रंगावरून ऊन पुष्कळसे परत फिरते आणि पत्रा कमी तापतो. बिस्किटे मी बेकरीतून आणतो.

उष्णतेचा आणि विजेचा हिशेब

ओव्हनच्या मागे एक चिठ्ठी किंवा पट्टी असते. तिच्यावर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तो आकडा वाचल्याशिवाय वस्तू घेऊ नका.

समजा आकडा १५०० आहे. १००० वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट वीज जळते. म्हणजे १५०० वॅटचा ओव्हन सलग चालला तर ४० मिनिटांत एक युनिट. ठरलेली उष्णता आली की तो मधून मधून आपोआप बंद होतो, म्हणून थोडी कमी लागेल. पण सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे तो रिकामाच तापवावा लागतो, हे विसरू नका. युनिटचा दर तुमच्या विजेच्या बिलावर छापलेला आहे. घरी जाऊन तो वाचा आणि गुणाकार करा.

आता उष्णता. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती उष्णता खोलीत येते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे १५०० वॅटचा ओव्हन पेटत असताना स्वयंपाकघरात पंधरा माणसे कोंबून बसवल्यासारखे होते. वैशाखात, पत्र्याखाली!

कोणी म्हणेल, "गॅसची शेगडीही उष्णता देते." अगदी खरे. कधी कधी ओव्हनपेक्षाही जास्त देते. पण पोळी-भाजीसाठी शेगडी पेटवावीच लागते. ओव्हन आला म्हणून शेगडी विझत नाही. ओव्हन ही तिच्यावर भर.

दुसरे कोणी म्हणेल, "ओव्हन लावून बाई दुसऱ्या खोलीत जाऊ शकते. चुलीपाशी बसून राहावे लागते." हेही खरे. ज्याच्या घरी तीन-चार खोल्या आहेत, त्याला ते सोयीचे. ज्याच्या घरी एकच खोली आहे, त्याने कुठे जावे?

आणखी एक. ओव्हनला जाड वायर आणि मोठे सॉकेट लागते. दिव्याच्या नाजूक वायरीवर तो लावला तर वायर तापते आणि आग लागते. पेटी लोखंडी, म्हणून जमिनीत नीट अर्थिंग हवे. ते नसेल तर विजेचा झटका बसू शकतो. हा खर्चही किमतीत धरा.

आणि ज्या घरात अजून लाकडाची चूल धुमसते, त्या घरी तर ओव्हनचा विचारच नको. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. तरी सिलिंडर महाग पडतो म्हणून चूल पेटतेच. चुलीचा धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. अशा घरी पहिला रुपया धूर घालवण्याला, दुसरा रुपया खिडकीला. ओव्हन त्याच्या फार मागे.

ओव्हनवाचून केक

नातवंडांना वाढदिवसाला केक हवा असतो. त्यांचे मन मोडू नये. जाड बुडाचे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे जुने पातेले घ्या. त्यात दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू पसरा. वाळूवर एक घडवंची ठेवा. वर घट्ट झाकण ठेवा आणि मंद आचेवर दहा मिनिटे तापू द्या. मग केकचे भांडे घडवंचीवर ठेवून पुन्हा झाका. पाऊण तासाच्या आसपास केक होतो. सुरी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की झाला. आपल्या जुन्या बाया झाकणावर निखारे ठेवून वर-खाली विस्तव करीत, ती हीच युक्ती.

सूर्यचूलही आहे. ती काचेच्या झाकणाची काळी पेटी असते आणि वर आरसा असतो. अंगणात उन्हात ठेवली की दोन-तीन तासांत डाळ-भात शिजतो. शेंगदाणे भाजले जातात. जळण लागत नाही आणि घर तापत नाही. पण तिचीही एक गोष्ट ऐका. १९५० नंतरच्या काही वर्षांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने एक सूर्यचूल तयार केली होती. मोठ्या विद्वानांनी केली. पण लोकांनी ती फारशी घेतली नाही. स्वयंपाक सकाळ-संध्याकाळचा आणि ऊन दुपारचे. शिवाय बाईने उन्हात उभे राहून रांधायचे. वस्तू चांगली असून भागत नाही. ती घराच्या रीतीत बसली पाहिजे.

मग कोणी घ्यावा?

मी ओव्हनचा वैरी नाही. ज्याला भाजून विकायचे आहे, त्याच्यासाठी ओव्हन म्हणजे नांगर आहे, तिफण आहे. ते धंद्याचे हत्यार झाले. त्या ताईंची सून केक करून विकणार असेल, तर तो वेगळा हिशेब.

पण तिने आधी वाळूच्या पातेल्यात दहा केक करावेत. ते विकून पाहावेत. गावात लोक दर महिन्याला केक घेतात, की फक्त एकदा कौतुकाने घेतात, हे कळेल. मैदा, साखर, वीज आणि आपली मजुरी धरून काय उरते, ते वहीत लिहावे. विकायचे म्हणजे अन्न विभागाकडे नोंदणीही करावी लागते. हे सारे जमले तर ओव्हन जरूर घ्यावा. बचत गटातल्या चार जणींनी मिळून घेतला तर आणखी बरे. मात्र तो स्वयंपाकघरात कोंबू नये. पडवीत, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि उन्हाळ्यात पहाटे चालवावा. पोदेर पहाटे भाजतो, ते उगीच नव्हे.

आता हे पाच प्रश्न पाटीवर लिहून घ्या.

१. वर्षातून किती दिवस ओव्हन लागेल?
२. तो कुठे ठेवणार? तिथे वारा येतो का?
३. वायर, सॉकेट, अर्थिंग धरून एकूण खर्च किती?
४. त्याच पैशात घरात याहून गरजेचे काय आहे?
५. वैशाखात त्याच्यापाशी कोण उभे राहणार?

पाचवा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. पण घरात तो सगळ्यांत आधी विचारा. आणि त्याचे उत्तर खाणाऱ्याने देऊ नये. जो उभा राहणार, त्याने द्यावे.

ताई, तुम्ही मला विचारले, घेऊ का नको. मी तुमच्या ओट्यापाशी उभा राहणार नाही. तेव्हा माझे उत्तर काही कामाचे नाही. पुढच्या वर्गाला तुमच्या सुनबाईंना घेऊन या. वहीत पाचही उत्तरे त्यांच्या हाताने आणि तुमच्या हाताने लिहिलेली असू द्या. मग आपण सगळे मिळून बेरीज-वजाबाकी करू.

राम राम.